तिला बरी करू नकोस

ता. २ ऑगस्ट

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम, वि. वि. यातली विनंती पत्राच्या शेवटी आहे. तिथपर्यंत भांडण आहे, तेव्हा चष्मा लावून नीट बस.

मी कॉलेज सोडलं ही बातमी बाबांच्या फोनवरून तुला पोचलीच असेल. पोराचं डोकं फिरलंय, असंही ते म्हणाले असतील. फिरलंय. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर, पुलाच्या खांबावर किती भार पडतो याचं गणित सोडवत वर्गात बसलो होतो आणि मनात आलं, मी इथं कुणाचा पूल बांधतोय. उठलो. सरांनी कुठे म्हणून विचारलं, मी घरी म्हणून सांगितलं, आणि जिना उतरल्यावर लक्षात आलं की दप्तर वर्गातच राहिलं. परत जाऊन मागायची लाज वाटली. बाबा आता माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेलो असताना, त्याला मीठ सरकवायला सांग, असं आईला सांगतात.

नोकरी मात्र मिळाली, आणि ती तुझ्यामुळे. तुझी कथा छापणाऱ्या साप्ताहिकात आता मजकूर टाइप करायला आणि पानं लावायला मी आहे. संपादकांनी मुलाखतीत एकच गोष्ट केली. तुझ्या हस्ताक्षरातलं एक पान पुढे टाकलं आणि हे वाचता येतं का म्हणाले. मी घडाघडा वाचलं. ते उठून उभे राहिले. तुझं अक्षर म्हणजे शाईत बुडून आलेल्या मुंग्यांचा मोर्चा, पण लहानपणापासून तुझी पत्रं बाबांना मीच वाचून दाखवतो हे त्यांना काय माहीत.

आता भांडण. माझी रंगारीण तुला आठवत असेल. रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाने आणलेल्या तुकड्याला जुळणारा रंग कालवून देते ती. गेल्या वर्षी तिला तुझ्याकडे घेऊन आलो तेव्हा तुझ्या भिंतीकडे बघून या पिवळ्यात चिमूटभर काळा जास्त पडलाय म्हणाली होती, आणि तू पुढे आठवडाभर त्या भिंतीवर रुसली होतीस. तर उन्हाळ्यात तिच्या कोपराने हिरव्याचा डबा लवंडला. डबा शेजारीच होता, तिला दिसला नाही. मग एक शिडी, मग एक गिऱ्हाईक. डॉक्टरांनी तपासलं. नजर दोन्ही कडांनी आत आत येत चालली आहे. समोरचं लख्ख दिसतं, बाजूचं काहीच नाही, नळीतून बघावं तसं. नळी किती बारीक होईल आणि कधी, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. थांबवायचं औषध नाही.

तिने मला दुकानात बोलावलं आणि रंगाची पट्टी दाखवावी तशी काउंटरवरून साखरपुड्याची अंगठी सरकवली. मला कुणाच्या आयुष्याचं ओझं व्हायचं नाही, देवाची इच्छा हीच दिसते, असं म्हणाली. मी घरी निघालो, आणि वाटेत आठवलं की हे वाक्य आपण वाचलंय. आत्या, ते तुझं आहे. चौथ्या कादंबरीत, अकराव्या प्रकरणात. सातव्या कादंबरीतही आहे, तिथं फक्त अंगठीऐवजी शाल आहे.

तुझ्या नायिका अकराव्या प्रकरणात आजारपण लपवून निघून जातात, बाराव्यात गुडघे टेकतात, तेराव्यात बऱ्या होतात आणि चौदाव्यात लग्न. रंगारीण शाळेत असल्यापासून तुझं सगळं वाचत आली आहे. अकरावं प्रकरण तिने मनावर घेतलं. तेरावं तिच्या वाट्याला नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं. मग ती बसली आहे अकराव्यातच, दार लावून, आणि मी बाहेर.

म्हणून विनंती. चालू कथेतली ती तापात पाय गेलेली शिक्षिका, तिला बरी करू नकोस. खुर्चीत बसल्या बसल्या तिचं लग्न लावून दे. रंगारीण दर शनिवारी अंक वाचते. तिला एकदा तरी छापलेलं दिसू दे की बऱ्या न होणाऱ्या बाईचंही चौदावं प्रकरण असतं.

रागावलास तरी लोभ सोडवत नाही, हे तुझंच जुनं वाक्य तुला परत करतो.

तुझा,
भडक्या


ता. ७ ऑगस्ट

चि. भडक्यास,

अनेक आशीर्वाद. जितके उत्तम जमतील तितके, कारण हात शिवशिवतोय.

दादा म्हणाला होता त्याहून तू बरा आहेस असं पत्रावरून दिसतं. भांडतोस म्हणजे जेवत असशील. दप्तर आणायला मात्र जा. लाज वाटते म्हणून वस्तू टाकून द्यायची सवय लागली की माणूस पुढे मोठ्या वस्तू टाकतो.

आता माझ्या बायकांबद्दल. मी गोष्टी लिहिते, औषधं लिहून देत नाही. कुणी गोष्टीतला काढा म्हणून प्यायलं तर मी काय करू? तुझ्या रंगारणीचं ऐकून मला वाईट वाटलं, फार वाटलं, भिंतीसकट ती मला आवडली होती. पण शिक्षिका चालणार. तेराव्या प्रकरणात ती खुर्चीचा हात धरून उठेल, खिडकीपर्यंत जाईल, आणि खाली तो उभा असेल. संपादकांना तसं सांगून झालंय.

आणि का, ते तू घरचा म्हणून सांगते. आमच्या ह्यांच्या, तुझ्या काकांच्या, खाटेशेजारी मी महिनोन् महिने गुडघे टेकले. चर्चची सगळी मंडळी माझ्याबरोबर होती. काका गेले. तेव्हापासून मी एक लकवा, दोन फुप्फुसं आणि एक हृदय बरं केलंय, सगळी कागदावर. तिथं माझं चालतं. तेवढी एक जागा मला राहू दे.

तिच्या दारात वसुलीवाल्यासारखा उभा राहू नकोस. कपडे तरी इस्त्रीचे घाल.

आहे तो लोभ जपून ठेवला आहे, तुझ्या वागण्यावर खर्च होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या


ता. १५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

सलाम. तुझं पत्र मी दोनदा उलटून पाहिलं. दर वेळी खाली असतं, 'माझ्या प्रार्थनेत आहेस.' या वेळी नव्हतं. नजरचुकीने राहिलं असेल तर कळव.

इस्त्री केली आणि गेलो. तिची आई दाराच्या पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. मुलगी घरात नाही म्हणाली. आतून रंगारणीचा आवाज आला की त्याला सांग मी घरात नाही. आईने मान वर न करता मला सांगितलं की ती म्हणते ती घरात नाही. मी पायरीवर बसलो आणि वाटाणे सोलायला लागलो. अर्धं पातेलं झाल्यावर ती दारापर्यंत आली, पण दार उघडलं नाही. आई मधे बसून होती म्हणून आम्ही दोघं फार सभ्यपणे भांडलो.

तिने मला मंडळीत काय चाललंय ते सांगितलं. दर रविवारी उपासना संपली की तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मग मंडळीतला एक भाऊ तिच्यापुढे हात धरून किती बोटं ते विचारतो. आता समोर धरलेली बोटं तिला दिसणारच, तिचं गेलंय ते बाजूचं. ती दोन म्हणते, मागून कुणीतरी देवाची स्तुती असो म्हणतं. मग दाराबाहेरच्या पायऱ्यांवर ती अडखळते आणि सगळ्यांचे चेहरे पडतात, जणू तिने त्यांना फसवलं. गेल्या रविवारी घरी येऊन ती देवाची नव्हे, त्या भावाची माफी मागायचं वाक्य मनात जुळवत बसली होती, आणि आपण हे काय करतोय म्हणून तिला स्वतःचीच चीड आली.

मग तिने मला विचारलं की तू माझ्यासाठी काय मागतोस. मी म्हटलं हा काय प्रश्न झाला, डोळे मागतो, सकाळ-संध्याकाळ मागतो. मग म्हणाली, म्हणजे तूही तेराव्या प्रकरणाची वाट बघत उभा आहेस, आणि ते आलं नाही की माझ्याकडे त्यांच्यासारखाच बघशील.

आत्या, मी हातातली शेंग खाली ठेवली आणि उठलो. कारण ती खरं बोलत होती. येताना सबंध रस्ता मी देवाशी भांडत आलो. मी काय वाईट मागितलं, एवढंच विचारत होतो. एक सायकलवाला मला शिवी देऊन गेला, बहुतेक मी मोठ्याने बोलत होतो.

कामाचं: तुझं बारावं प्रकरण आलं. मधे चार बोटं जागा कोरी आहे आणि तिथं 'इथे प्रार्थना, मागून पाठवते' असं लिहिलंय. पान गुरुवारी दुपारी छपाईला जातं. लवकर पाठव, संपादक माझ्याभोवती घिरट्या घालतायत.

लोभ राहू दे. माझ्याकडे सध्या तेवढाच शिल्लक आहे.

भडक्या


ता. १९ ऑगस्ट

चि. भडक्यास,

आशीर्वाद. हे पत्र दादाला वाचून दाखवायचं नाही.

नजरचूक नव्हती. तू प्रार्थनेत नाहीस, कारण प्रार्थनाच नाही. माझी लिहायची रीत सांगते. प्रकरण आधी लिहून काढते आणि प्रार्थनेची जागा मोकळी ठेवते. मग खरोखर गुडघे टेकते, त्या बाईच्या जागी बसून मागते, आणि उठल्यावर जे तोंडातून गेलं ते त्या जागेत भरते. इतकी वर्षं असंच. काका गेल्यावरच्या त्या चौघींच्या प्रार्थना मात्र मी जुन्याच शब्दांची उलटापालट करून उरकल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. या शिक्षिकेपाशी हात थांबला. गुडघे टेकते, डोळे मिटते, पंख्याचा आवाज ऐकते, आणि उठते.

काका लिफ्ट दुरुस्त करायचे हे तुला माहीत आहे, पण त्यांना काम करताना तू पाहिलं नाहीस. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकायची, दिवा गेलेला, आत माणसं. हे पोचले की हत्यारांची पेटी उघडायच्या आधी फटीला तोंड लावून आत हाक मारायचे, मी आलोय म्हणून. किती वेळ लागेल असं आतून विचारलं तर कधी सांगायचे नाहीत. माहीत नाही, पण मी इथून हलत नाही, एवढंच. मी एकदा म्हटलं, दहा मिनिटं म्हणून सांगायला तुमचं काय जातं, तेवढाच धीर. तर म्हणाले, अकराव्या मिनिटाला त्याचा माझ्यावरचा विश्वास उडतो आणि तो दार बडवायला लागतो.

मी आजवर सगळ्या बायकांना दहा मिनिटं सांगत आले, भडक्या. आता मीच आत आहे. आणि बाहेरून हाक येत नाही. येत असेल तर मला ऐकू येत नाही.

संपादकांना सांग, पाचव्या कादंबरीतली प्रार्थना काढून तिथं लावा. तेवढं गावाचं नाव बदला. कुणाला कळायचं नाही.

या खेपेला लोभ तूच पाठव.

आत्या


ता. २४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

सलाम. सोबत येत्या शनिवारचा अंक आहे. वाचायच्या आधी पाणी पी.

मी पाचव्या कादंबरीतली प्रार्थना लावली नाही. काढली होती. 'हे दयाळू पित्या, तुझ्या इच्छेपुढे मी लीन आहे' इथपासून टाइप करायला बसलो आणि बोटं चालेनात. रंगारीण हे वाचणार, लीन होणार, आणि आणखी एक कडी आतून लावणार. तुझं पत्र खिशात होतं. तू आत, ती आत, आणि मी काय तुमच्या फटीतून जुनी प्रार्थना सरकवू? संपादक जेवायला गेले होते. मी ती चार बोटं जागा स्वतः भरली. गुडघे टेकले नाहीत, टेबलाखाली जागा नव्हती. पण आत्या, लिहिताना मी ती शिक्षिका होतो, रंगारीण होतो, आणि तूही होतो. जसं आलं तसं लिहिलं. अंक तू फेकून देशील म्हणून इथंही उतरवतो:

'देवा, आज मी पाय मागायला आले नाही. ते मागून झालंय. तू ऐकलंस आणि काही बोलला नाहीस, आणि मी रागावले आहे. रागावलेल्यांनी तुझ्याकडे येऊ नये असा तुझा नियम असेल तर मला दाखव. तुझ्या मुलाला क्रुसावरून कुणी खाली उतरवलं नाही. भर दुपारी अंधार पडला आणि तो तुझ्यावर ओरडला, तेही तू ऐकून घेतलंस. तेव्हा ओरडणं तुझ्या घरात चालतं असं मी धरून चालते. पाय दे, नको देऊस, ते तुझं तू बघ. पण बाहेर जो माणूस उभा आहे त्याला मी तुझी इच्छा म्हणून परत पाठवलं. तू तसं काही म्हणाला नव्हतास. भीती माझी होती, सही मी तुझी केली. ती सही मागे घेते. मी आहे अशी तुला चालते, तर आहे अशीच मी कुणाचीही होऊ शकते. उद्या पडले तर उचलायला ये. उचलायचं नसेल तर शेजारी बसायला ये. पण ये. आल्याशिवाय मी इथून उठत नाही. आमेन.'

छापून झाल्यावर संपादकांनी वाचलं. बाईंना झालंय काय, एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे संशयाने बघत राहिले. मी पानं मोजत राहिलो.

मला कामावरून काढायला लावलंस तरी चालेल. पश्चात्ताप मात्र मागू नकोस, तो नाही.

लोभ पाठवायला सांगितला होतास. हाच तो.

भडक्या


ता. २७ ऑगस्ट

ती. आत्याबाईंना,

सप्रेम सलाम, वि. वि. आपली एकदाच भेट झाली. तेव्हा मी तुमच्या भिंतीला नावं ठेवली, त्याबद्दल आधी क्षमा असावी, पण काळा जास्तच होता.

बाराव्या प्रकरणातली प्रार्थना तुमची नाही, हे मला दुसऱ्या ओळीला कळलं. तुमची शिक्षिका अकरा प्रकरणं इतकी मवाळ की चहा गार झाला तरी तक्रार करत नाही, आणि इथं एकदम बाह्या सरसावून देवापुढे उभी राहिली. हा आवाज मी ओळखते. तो माझ्याशी, रिक्षावाल्याशी आणि देवाशी एकाच पट्टीत बोलतो.

मी ती दुकानात वाचली. एक बाई पडद्याचा तुकडा घेऊन उभी होती, तिला तशीच थांबायला लावून वाचली. आधी संताप आला. माझ्या मनातलं माझ्या परवानगीशिवाय छापायचं म्हणजे काय? भीती माझी होती हे म्हणायचं असेल तर मी म्हणेन. सही मागे घ्यायची असेल तर मी घेईन. ती बाई गेल्यावर मी डबे पुसत बसले आणि माझ्या लक्षात आलं की मी ते तोंडाने पुटपुटते आहे. त्याचं वाक्य नाही, माझं. मी म्हणत होते की देवा, मला भीती वाटते, एवढंच, पुनःपुन्हा. डोळे गेल्यापासून, म्हणजे जायला लागल्यापासून, मी देवाला हे सांगितलंच नव्हतं. सगळे माझ्या डोळ्यांसाठी इतकं मागत होते की मागे उरलेल्या माझ्यासाठी मागायला कुणाला, मलाही, फुरसत झाली नव्हती.

आणि आत्याबाई, तिथं कुणी उत्तर दिलं नाही, उजेडबिजेड पडला नाही. पण मी एकटी बोलत नव्हते. हे कसं सांगायचं ते मला येत नाही, तुम्ही लेखिका आहात.

त्याला सांगा, शनिवारी दुपारी दार उघडं असेल. तोंड पाडून आला तर परत पाठवीन. डोळ्यांसाठी मागायचं तर मागू दे, पण त्या मागण्यावर माझं काही अडवून ठेवायचं नाही. आणि माझ्यासाठी वाक्यं लिहायची नाहीत. मला बोलता येतं.

शिक्षिकेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तिला चालवणार असाल तर तेवढा एक अंक मला नको.

ओळख थोडी असली तरी लोभ मागते आहे, नाही म्हणू नये.

आपली,
रंगारीण


ता. १ सप्टेंबर

चि. भडक्यास,

आशीर्वाद. ते दोन कानांखाली दिल्यानंतरचे समजावेत.

माझ्या नावावर, माझ्या बाईच्या तोंडी, मला न विचारता. मी तुला त्याच दिवशी काढून टाकणार होते. संपादकांना फोन लावला आणि म्हटलं, ऐका, तुमच्या त्या दिवट्याने काय घाण करून ठेवली आहे ती मी तुम्हाला वाचून दाखवते. चिडून वाचायला लागले. 'भर दुपारी अंधार पडला' इथं थांबून ती ओळ पुन्हा वाचली. 'शेजारी बसायला ये' इथं मला काकांच्या खाटेशेजारची ती लोखंडी खुर्ची दिसली. तिच्यावर मी सबंध आजारपण बसून काढलं आणि देव आला नाही आला नाही म्हणत राहिले. भडक्या, त्या खुर्चीवर मला कुणी बसवलं होतं? माझी पाठ दोन तासांत मोडते. तिथं मला उठावंसंच वाटलं नाही. हे मला आता, फोन कानाला लावून, एका हुल्लडबाज पोराच्या ओळी वाचताना कळलं.

शेवटी आमेन म्हटलं. सवयीने म्हटलं, पण म्हटल्यावर ते खरं झालं. पलीकडून संपादकही आमेन म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला. पंखा फिरत होताच. पण मी पंख्याशी बोलत नव्हते.

रंगारणीचं पत्र आलंय. तुझ्याहून शहाणी आहे. शनिवारी दुपारी जा, दार उघडं असेल. चेहरा धुऊन जा, पाडून नको, आणि तिच्या वतीने बोलू नकोस.

तेरावं प्रकरण मी फाडलं. बाराव्यानंतर सरळ चौदावं आहे, तुला टपालाने मिळेल. शिक्षिका खुर्चीतच आहे, नवरा शेजारी आहे, आणि लग्नात ती इतकी सुंदर दिसते की मलाच हेवा वाटला. संपादक म्हणाले वाचक रागावतील. म्हटलं रागावू दे, मी इतकी वर्षं रागावलेच होते, मेले नाही. म्हणाले मधलं एक प्रकरण कुठं गेलं असं विचारतील. म्हटलं, सांगा, ते देवाकडे आहे, आमच्याकडे नाही. आणि यापुढे कुणी माझ्या बाईला नुसतं पानं वाढवायला बरी कर म्हणालं तर मी लिहायचीच नाही.

माझ्या प्रार्थनेत आहेस. दादाही आहे, पण त्याच्यासाठी जरा जोर लावावा लागतो.

आत्या


ता. ६ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम. मधे तुला दोन ओळींची कार्डं टाकली, आता सविस्तर.

तुझ्या चौदाव्या प्रकरणावर अजून पत्रं येतायत. एका निवृत्त कंपाउंडरने आपण तुझ्या कथा वाचणं आजपासून बंद करत असल्याचं कळवलं, आणि पुढच्या आठवड्यात तुझ्या नव्या कथेत पहिल्याच पानावर कुणी शिंकत का नाही म्हणून तक्रार केली. रंगारणीने मला कॉलेजात परत पाठवलंय, माझी नजर आणि तुझं कॉलेज, अशा अर्धवट राहिलेल्या दोन गोष्टी एका घरात नकोत म्हणाली. संध्याकाळचे वर्ग आहेत. पूल अजून आवडत नाहीत.

आता कालचं. काल आमच्या लग्नाचा शेवटचा पुकार होता. तुला माहीतच आहे, तीन रविवार चर्चचे पाळक दोघांची नावं वाचतात, कुणाची हरकत असल्यास आताच सांगावी म्हणतात, चष्म्यावरून एकदा सगळीकडे बघतात, आणि पुढचं गीत सांगतात. माझ्या उभ्या जन्मात कुणी हरकत घेतलेली मी पाहिली नाही. काल घेतली. माझ्या शेजारून रंगारीण उठली आणि माझी हरकत आहे म्हणाली.

पाळकांचं गीतांचं पुस्तक मिटलं गेलं. मंडळीतल्या सगळ्या माना वळल्या. तिची आई जागच्या जागी बसली होती, तिला बहुतेक ठाऊक होतं.

ती म्हणाली, हरकत नवऱ्यावर नाही, मंडळीवर आहे. तुम्ही सगळे माझ्या डोळ्यांसाठी मागता, मागा, मीही अधूनमधून मागते, आणि देवाला काही करायचं असेल तर त्याला कुणी अडवलेलं नाही. पण या लग्नाकडे कुणी बरं होण्याआधीचं काहीतरी म्हणून बघणार असेल तर त्याने घरी बसावं. हे लग्न पूर्ण आहे. मी अंधारात जात असेन, पण एकटी जात नाही, आणि हे मला चांगल्या डोळ्यांच्या दिवसांत माहीत नव्हतं, आता माहीत आहे. मग म्हणाली, उद्यापासून माझ्यापुढे कुणी बोटं धरायची नाहीत. कुणाला माझ्यासाठी काही करायचंच असेल तर बाहेरच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारा. रंग मी कालवून देईन.

बोटंवाल्या भावाने दोन्ही हात खिशात घातले. पाळकांनी खाकरून विचारलं की ही हरकत लग्नाला धरायची की पायऱ्यांना. ती म्हणाली पायऱ्यांना. मागे कुणीतरी हसलं, मग सगळेच, आणि पाळकांनी आणखी कुणाची हरकत असल्यास आताच सांगावी असं पुन्हा म्हटलं, या वेळी जरा भीत भीत. कुणाची नव्हती.

ती खाली बसली. मी तिचा हात धरणार होतो, पण थांबलो, न जाणो ही त्यावरही हरकत घ्यायची. गीत झालं, उपदेश सुरू झाला. तिने दोनदा मान माझ्याकडे वळवली आणि परत समोर नेली. मग कुजबुजत म्हणाली की तू इथं बाजूला बसलास की मला दिसत नाहीस, मान वळवून वळवून दुखायला लागली, समोर जाऊन बस.

पुढचं बाक रिकामं होतं. मी उठलो, त्याच्यावर बसलो, आणि मागे तोंड करून, बाकाच्या पाठीवर हनुवटी टेकून, तिच्या बरोबर समोर आलो. पाळक बोलायचे थांबले. मी तसाच राहिलो. तिनेही मला वळ म्हणून सांगितलं नाही. शेवटी ते पुढे बोलायला लागले. उपदेश कशावर होता हे मला विचारू नकोस. सबंध वेळ माझी पाळकांकडे पाठ होती आणि ती माझ्याकडे बघत होती.

लग्नाला ये. लोभ इथं भरपूर आहे, तुझा तू येताना घेऊन ये.

तुझा,
भडक्या